पेशी सोडल्या, पण जगल्या का? माग काढताना या चुका टाळा

दांडिया बाजारातल्या मावशीला मी एकदा माझं काम समजावत होते. मानवी मूळ पेशींपासून रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी बनवायच्या, रक्तपुरवठा तोडलेल्या उंदराच्या पायात सोडायच्या आणि पुढे त्यांचं काय होतं त्यावर पाळत ठेवायची. चहा गाळता गाळता तिने विचारलं, "पण त्या जिवंत आहेत कशावरून?" आमच्या बहुतेक चुका या प्रश्नाला बगल दिल्यानेच होतात.

सगळ्यात फसवे लोहकण. पेशींना लोह ऑक्साइडचे सूक्ष्म कण पाजले की एमआरआयमध्ये तिथे काळा डाग दिसतो. तीन आठवड्यांनीही डाग जागच्या जागी, म्हणून आपण खूश! पण सोडलेल्या पेशींपैकी बऱ्याचशा पहिल्या काही दिवसांतच मरतात आणि त्यांचं लोह गिळून मॅक्रोफेज, म्हणजे मेलेल्या पेशी साफ करणाऱ्या उंदराच्याच पेशी, तिथेच बसून राहतात. बडोद्यात उत्तरायण उलटून गेलं तरी कितीतरी दिवस तारांवर पतंग लोंबत असतात. ते पाहून गच्चीवर अजून कोणी आहे असं आपण धरतो का? शिवाय सुई टोचताना रक्त साकळलं, तर तेही काळंच दिसतं. म्हणून एका गटात लोह भरून मुद्दाम मारलेल्या पेशी सोडा. त्यांचाही डाग तितकाच टिकला, तर त्या मोजमापावर विसंबू नका.

पेशींना लावायच्या रंगांचं थोडक्यात: पीकेएच-२६ सारखा, पेशीच्या आवरणात बसणारा रंग दर विभाजनाला निम्मा होतो आणि मेलेल्या पेशीतून शेजारणीला लागतो. लांबच्या प्रयोगाला नकोच.

जिवंतपणा पाहायला ल्युसिफरेज बरं. काजव्याच्या या एन्झाइमचं जनुक आधी पेशींत घालायचं; मग उंदराला ल्युसिफेरिन हे त्याचं इंधन टोचलं की एटीपी (जिवंत पेशीतला ऊर्जेचा रेणू) आणि ऑक्सिजन असेल तरच ते उजेड देतं. पण गोम तिथेच आहे: आपल्या उंदराच्या पायात मुळात ऑक्सिजन कमी, आणि रक्तच नीट जात नसेल तर ल्युसिफेरिन तरी कसं पोहोचणार? पहिल्या दिवशी उजेड फिका आला म्हणून पेशी मेल्या, असं लिहून मोकळे होऊ नका. काळ्या उंदराची लवही आधी काढा, ती उजेड शोषते. माझी फजिती वेगळीच. सहा उंदरांना एकदम इंजेक्शनं दिली आणि फोटो काढत बसले एकेकाचे; पहिल्याचा पाच मिनिटांनी, शेवटच्याचा चाळीस. आलेख देखणा आला, पण त्यात पेशींपेक्षा माझं घड्याळच जास्त दिसत होतं. पोटात इंजेक्शन दिल्यावर उजेड साधारण १० ते २० मिनिटांत शिगेला पोहोचतो. आपल्या उंदरांत तो नेमका कधी, हे आधी एकदा मोजून ठेवा.

उजेड आठवडागणिक मंदावत असेल, तर प्रमोटरही, म्हणजे ते जनुक चालू ठेवणारा डीएनएचा तुकडा, तपासा. सीएमव्ही प्रमोटर या पेशींत हळूहळू मुका होतो. पेशी ठणठणीत, जनुक गप्प. ईएफ-१ अल्फा किंवा कॅग जास्त टिकतो.

शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे पायाच्या स्नायूचे काप. स्नायू आणि तांबड्या पेशी स्वतःच हिरव्या चमकतात, तेव्हा जीएफपी (पेशींत खूण म्हणून घातलेलं हिरवं चमकणारं प्रथिन) दिसलं म्हणून हुरळू नका. पेशी न सोडलेल्या पायाचा काप शेजारी ठेवा. सीडी-३१ या अस्तराच्या पेशींवरच्या प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड फक्त मानवी पेशी ओळखणारं आहे ना, हे बाटलीवर वाचा, नाहीतर उंदराच्याच वाहिन्या मोजाल. आणि उंदीर मारण्याआधी शेपटीच्या शिरेतून मानवी अस्तराला चिकटणारं यूलेक्स लेक्टिन सोडा. सीडी-३१ दिसलं पण लेक्टिन नाही, तर पेशी तिथे आहेत, त्यांच्यातून रक्त मात्र वाहत नाही.