स्विमिंग पूलचा पंप लवकर का जळतो आणि त्याआधी काय बघायचं

पूलची मोटर जळाली की पहिला राग कंपनीवर निघतो आणि दुसरा लाइटवर. आजकालच्या मोटरी तकलादूच, व्होल्टेजनेच गेली वगैरे. असेलही कधी तसं, पण जळालेली मोटर उघडली की बऱ्याचदा पुढच्या बेअरिंगला गंज चढलेला दिसतो, आणि तिथपर्यंत पाणी आलं कुठून हे कोणी विचारतच नाही, रिवाइंडिंग म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून घेतात, परत बसवतात आणि पुढच्या सीझनला पुन्हा तेच.

तर आधी पंपाची रचना बघू. पुढे पाण्याचा भाग म्हणजे बास्केट (कचरा अडवणारी जाळी) आणि इंपेलर (पाणी फेकणारं फिरतं चक्र), मागे कोरडी मोटर. मोटरचा शाफ्ट मधल्या प्लेटमधून आरपार इंपेलरपर्यंत जातो आणि तिथून पाणी मागे येऊ नये म्हणून मेकॅनिकल सील बसवलेलं असतं. त्यात दोन गुळगुळीत चकत्या असतात, साधारणपणे एक कार्बनची आणि एक सिरॅमिकची, एक जागेवर स्थिर, दुसरी शाफ्टबरोबर फिरणारी, आणि स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरते. मधे पाण्याचा अगदी पातळ थर असतो, वंगणही तोच आणि गार ठेवणाराही तोच. दोन पोलची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे मारते, त्यामुळे पाणी गायब झालं की चकत्या काही मिनिटांत तापतात, सिरॅमिकला तडा जातो, रबर कडक होतं. मग थेंब थेंब गळती, मग बेअरिंगला गंज, मग घरघर, आणि शेवटी वाइंडिंगमधे म्हणजे तारेच्या गुंडाळीत ओल. म्हणजे मोटर जळाली असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर सील कधीच गेलेलं असतं.

गळती कुठून आहे हे ओळखायला सोपा उपाय सांगतो, पंपाखाली कोरडा पुठ्ठा सरकवा आणि तासाभराने बघा. ओला डाग बास्केटच्या झाकणाखाली असेल तर ओ-रिंग (झाकणाचं रबरी कडं), पाइपच्या जोडाखाली असेल तर युनियन (खोलता येणारा जोड) किंवा थ्रेड, आणि पंप व मोटर जिथे जुळतात बरोबर त्या फटीखाली असेल तर सील. त्या फटीतून खाली पांढऱ्या क्षाराचा ओघळ वाळलेला दिसला तर गळती जुनी आहे, आता वाट बघू नका. सील मोटरच्या मानाने फारच स्वस्त पडतं.

आता सील मरतं कशाने. कोरडं चालणं हे एक नंबरचं कारण. पूलची पातळी स्किमरच्या (पूलच्या भिंतीतला, वरचं पाणी ओढून घेणारा डबा) तोंडाच्या निम्म्याच्या वर हवी, उन्हाळ्यात बाष्पीभवनाने ती हळूच खाली जाते आणि टायमरवरचा पंप कोणी बघत नसताना हवा खात बसतो. बास्केट साफ करून झाकण लावताना आत पाणी भरायचा कंटाळा करू नका. झाकणाच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलियम जेली नको, बऱ्याच रबरांना ती फुगवते आणि मग तिथूनच एअर आत जाते. पारदर्शक झाकणातून सतत बुडबुडे दिसत असतील, किंवा पूलमधे परत येणाऱ्या पाण्यात बुडबुडे असतील तर पंप सक्शनच्या बाजूने कुठूनतरी हवा ओढतोय. तिथे पाणी गळत नाही, हवा आत ओढली जाते, त्यामुळे लाइन कोरडी दिसली म्हणून फसू नका.

दुसरं कारण म्हणजे क्लोरीनच्या गोळ्या स्किमरमधे टाकणे. सोयीचं वाटतं, सगळेच करतात, पण या गोळ्या बहुधा ट्रायक्लोर नावाच्या क्लोरीनच्या असतात आणि त्यांचं द्रावण चांगलंच आम्लधर्मी असतं, पीएच ३ च्या आसपास. पंप चालू आहे तोवर ते पातळ होतं, पंप बंद झाला की तेच तीव्र पाणी स्किमरमधे आणि पाइपात साचून राहतं आणि पुढच्या वेळी पंप चालू होताच थेट सीलवरून जातं. गोळ्या फ्लोटरमधे (पाण्यावर तरंगणारा डबा) ठेवा नाहीतर फिल्टरच्या नंतरच्या लाइनवर क्लोरिनेटर (क्लोरीन हळूहळू सोडणारं उपकरण) लावा. पूलचा पीएच ७.२ ते ७.८ मधे असू द्या. आणि ॲसिडचा कॅन पंपाच्या खोलीत तर अजिबात ठेवू नका, बंद झाकणातूनही वाफ निघते आणि मोटरचा पंखा ती ओढून घेतो.

मोटरच्या बाजूने विचार केला तर मुख्य शत्रू उष्णता. लोक पावसापासून वाचवायला पंपावर बंद खोका बसवतात आणि मोटर आतल्या आत उकडून निघते. वरून छप्पर हवं, पण बाजू मोकळ्या ठेवा. वाइंडिंगचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे, यावरून अंदाज घ्या. पंप जमिनीवर नको, ओट्यावर घ्या. लांब आणि बारीक वायर टाकली असेल तर मोटरपर्यंत व्होल्टेज कमी पोचतं, मग ती जास्त अँपिअर ओढते. इलेक्ट्रिशियनकडून चालू लोडवर क्लॅम्प मीटरने अँपिअर बघून घ्या आणि नेमप्लेटशी ताडून बघा. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही अशी तक्रार असेल तर रिवाइंडिंगला नेण्याआधी कपॅसिटर (मोटरला फिरायला सुरुवात करून देणारा भाग) तपासा, कित्येक वेळा तेवढंच असतं.

एक गैरसमज मात्र काढून टाका, की फिल्टर चोक झाला की मोटरवर लोड वाढतो. पूलच्या पंपासारख्या सेंट्रिफ्युगल (चक्र फिरवून पाणी फेकणाऱ्या) पंपात उलट आहे, पाणी कमी वाहिलं की अँपिअर कमी होतात. त्रास होतो तो वेगळा, तेच पाणी आतल्या आत घुसळत तापतं आणि परत सीलच मार खातं, व्हॉल्व्ह पूर्ण बंद राहिला तर प्लॅस्टिक वितळेपर्यंत मजल जाते. म्हणून फिल्टर स्वच्छ असतानाचं प्रेशर लिहून ठेवा आणि त्याच्यावर ८ ते १० पीएसआय (प्रेशर गेजवरचं दाबाचं माप) चढलं की बॅकवॉश करा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवा. मल्टीपोर्टचा (फिल्टरवरचा, पाण्याची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह) दांडा फिरवताना पंप बंद.

आणि मोठा पंप म्हणजे चांगला पंप हे डोक्यातून काढा. दीड इंची सक्शन पाइपातून मिनिटाला १४० लिटरच्या आसपास पाणी नीट येतं, त्यापेक्षा जास्त ओढायला गेलात तर पंपात खडी फिरतेय असा आवाज येतो, त्याला कॅव्हिटेशन म्हणतात आणि ते इंपेलर कुरतडून काढतं. बजेट असेल तर व्हेरिएबल स्पीडचा म्हणजे वेग कमी-जास्त करता येणारा पंप घ्या, स्पीड निम्मा केला की हिशोबाने पॉवर आठव्या भागावर येते आणि सीलची झीजही कमी होते.

सील स्वतः बदलणार असाल तर एमसीबी पाडा, कपॅसिटर डिस्चार्ज करा. काही पंपांत इंपेलरच्या मधे उलट्या थ्रेडचा स्क्रू असतो, तो आधी बघा नाहीतर जोर लावून तोडाल. दोन्ही चकत्या नव्या घाला, जुनी आणि नवी जोडी चालत नाही. घासणाऱ्या तोंडाला बोट लावू नका, ग्रीसही नको, रबर सरकवायला साबणाचं पाणी पुरतं. आणि सील काढलेलं असतानाच शाफ्ट हाताने फिरवा, करकर लागली तर बेअरिंगही त्याच वेळी बदला, त्याच्यावर नंबर कोरलेला असतो तोच आणायचा.