बेळगावहून फॉरेन्सिकमध्ये पुढे शिकायचंय? आधी एमडी की एमएस्सी ते ठरवा

शवविच्छेदन करायचं असेल तर एमडी. व्हिसेरा (मृतदेहातून काढलेले अवयव), डीएनए, काडतुसं, सह्या किंवा मोबाइल तपासायचे असतील तर एमएस्सी. दोन्हींना लोक ‘फॉरेन्सिक’च म्हणतात, म्हणून बीएस्सी झालेले विद्यार्थी पोस्टमॉर्टेमची चौकशी करत येतात. एमएस्सी करून शवागारात सही करता येत नाही, आणि एमडी झालेला डॉक्टर प्रयोगशाळेत जीसी-एमएस (रसायनं ओळखणारं यंत्र) चालवत बसत नाही.

एमबीबीएसवाल्यांसाठी

एमडी फॉरेन्सिक मेडिसिन तीन वर्षांचं असतं. त्यात प्रबंध आणि तीन महिन्यांची जिल्हा रेसिडेन्सी (जिल्हा रुग्णालयातली सेवा) आलीच. प्रवेश नीट-पीजीतून, पण अर्ज कुठे करायचा ते जागा कोणत्या प्रकारची आहे त्यावर ठरतं. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्यातून एमसीसी (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) भरते, उरलेल्या कर्नाटकात केईए (राज्याचं परीक्षा प्राधिकरण). बेळगावचं जेएनएमसी (जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज) केएलईच्या अभिमत विद्यापीठाखाली येतं, त्यामुळे तिथली पीजीची जागा हवी असेल तर एमसीसीकडे नोंदणी लागते. फक्त केईएचा अर्ज भरून बसलात तर ती जागा तुमच्या यादीत दिसणारच नाही. बेळगावचंच बिम्स हे मेडिकल कॉलेज मात्र सरकारी आहे.

‘आम्ही कर्नाटकचे रहिवासी, आम्हाला राज्याचा कोटा’ हे गणित आता बदललं आहे. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीजी वैद्यकीय जागांवरचं निवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. संस्थेला आपल्याच एमबीबीएस विद्यार्थ्यांना मर्यादित प्राधान्य देण्याची मुभा राहिली. म्हणून एमबीबीएस कुठे केलं हे रेशनकार्डापेक्षा जास्त महत्त्वाचं. पसंतीक्रम भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा.

या शाखेत जागा उशिरापर्यंत रिकाम्या राहतात. २०२३ मध्ये तर नीट-पीजीचा कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणावा लागला होता. त्यामुळे पहिल्या फेरीत जास्त फी भरून घाई करण्यात अर्थ नाही. कॉलेज निवडताना विचारायची गोष्ट एकच: शवविच्छेदन विभाग स्वतः करतो की दुसऱ्या रुग्णालयात पाठवतो? काही खासगी कॉलेजांत वर्षाकाठी इतकी कमी प्रेतं येतात की तीन वर्षं पुस्तकावरच निघतात. बाँडच्या अटी आणि सीट सोडल्यास भरायचा दंड लेखी घ्या.

बीएएमएस केलेल्यांना अगदतंत्र (आयुर्वेदातलं विषशास्त्र) विषयात एमडी करता येतं, एआयएपीजीईटी ही आयुषची पीजी प्रवेश परीक्षा देऊन. मात्र हे एमडी फॉरेन्सिक मेडिसिनच्या बरोबरीचं धरलं जात नाही. बीडीएसवाल्यांसाठी गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात, म्हणजे एनएफएसयूमध्ये, फॉरेन्सिक ओडोंटॉलॉजीची (दातांवरून तपास) एमएस्सी आहे.

बीएस्सीवाल्यांसाठी

इथे सीमाभागाला भौगोलिक फायदा आहे. एनएफएसयूचं एक कॅम्पस धारवाडात, बेळगावपासून सुमारे ७५ किलोमीटरवर, दुसरं गोव्यात. प्रवेश विद्यापीठाच्याच एनएफएटी परीक्षेतून. प्रत्येक कॅम्पसवर प्रत्येक अभ्यासक्रम नसतो. सायबर, टॉक्सिकॉलॉजी (विषशास्त्र), सामान्य फॉरेन्सिक यांपैकी तुमचा कुठे चालतो ते पाहूनच पसंती द्या. धारवाडच्याच कर्नाटक विद्यापीठात गुन्हेशास्त्र आणि फॉरेन्सिकचा विभाग आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत.

आता नोकरीची बाजू. प्रयोगशाळेतल्या पदांच्या जाहिराती जुन्या काढून वाचा. रसायन किंवा विषशास्त्र विभागासाठी बऱ्याचदा रसायनशास्त्राचीच एमएस्सी मागितलेली असते. निव्वळ ‘फॉरेन्सिक सायन्स’ पदवी तिथे अडते. तुम्हाला विषशास्त्रच करायचं असेल तर आमचं मत सरळ आहे: एमएस्सी रसायनशास्त्र करा आणि प्रकल्प फॉरेन्सिकचा घ्या. प्राध्यापकीसाठी यूजीसी-नेटमध्ये फॉरेन्सिक सायन्स हा स्वतंत्र विषय आहे. मागणी वाढायला कारणही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे, आणि राज्यांना ते अमलात आणायला पाच वर्षांची मुदत दिली आहे. बेळगावात विभागीय फॉरेन्सिक प्रयोगशाळा आहे, इंटर्नशिपची विचारपूस तिथे आणि कोल्हापूरला करा. अर्ज कॉलेजच्या पत्रासह हवा. गोपनीयतेमुळे नुसतं जाऊन कोणी आत घेत नाही.

संस्थेची प्रयोगशाळा बघून घ्या. कंपॅरिझन मायक्रोस्कोप आणि रसायनं वेगळी करून ओळखणारी टीएलसी, एचपीएलसी, जीसी-एमएस ही साधनं विद्यार्थ्याला हाताळू देतात का, की काचेतून दाखवतात? ऑनलाइन डिप्लोमा सरकारी पदाच्या पात्रतेत बसेल असं धरून पैसे घालू नका.

भाषा आणि दाखले

कर्नाटकात राजपत्रित पदासाठी केपीएससीचा (राज्य लोकसेवा आयोगाचा) सक्तीचा कन्नड पेपर असतो, आणि इथला इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा पंचनामा कन्नडमध्येच येतो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी वाचण्यापुरतं तरी कन्नड पक्कं करावं. राज्यघटनेच्या कलम ३७१(जे)च्या प्रादेशिक आरक्षणाचा लाभ बिदर-कलबुर्गीला आहे, बेळगाव-कारवारला नाही. अर्जात तो रकाना भरू नका. महाराष्ट्रात जाणार असाल तर महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांसाठी काही अभ्यासक्रमांत वेगळी तरतूद असते, सगळ्यांत नसते. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषा मराठी नोंदली आहे का ते आत्ताच तपासा. खाडाखोड किंवा रिकामा रकाना दुरुस्त करायला शाळेत दोन-तीन फेऱ्या लागतात आणि ऐन प्रवेशाच्या आठवड्यात हेडमास्तर रजेवर असतात.