रस्ता की ट्रॅक: मुंबईतल्या बाईकस्वाराने कसं ठरवावं

दोनशे-तीनशे सीसीची नवी गाडी घरी आली की महिन्याभरात प्रश्न पडतोच: हिला मोकळी सोडायची कुठे? मुंबईत जिथे रस्ता सर्वात सपाट आणि रुंद आहे नेमकी तिथेच दुचाकींना बंदी आहे. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, चारही ठिकाणी. मग नजर जाते रात्रीच्या बीकेसीकडे, पाम बीच रोडकडे, नाहीतर रविवारी पहाटेच्या जुन्या हायवेकडे. वेगाची हौस भागवायला यातली एकही जागा योग्य नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि दंड ही त्यातली सर्वात हलकी शिक्षा आहे.

मग वेगासाठी शर्यतीचा बंदिस्त ट्रॅक, की आपला रस्ताच बरा? ही निवड करताना बहुतेक जण गाडीकडे बघतात: स्पोर्ट्स बाईक असेल तर ट्रॅक, साधी असेल तर रस्ता. आम्हाला हा विचार उलटा वाटतो. पाहायचं असतं ते पकडीकडे. टायरची पकड ठरावीक असते. ब्रेक, वळण आणि थ्रॉटल या तिघांना ती वाटून घ्यावी लागते. खिशात शंभर रुपये असताना सत्तर ब्रेकवर गेले तर वळायला तीसच उरतात, तसंच. ट्रॅकवर हे शंभर रुपये जवळजवळ पूर्ण खर्च करायला शिकतो, कारण पुढच्या वळणावर काय आहे ते माहीत असतं. रस्त्यावर त्यातले निम्मे कायम शिल्लक ठेवायचे असतात, कारण पुढच्या वळणावर खडी, म्हैस किंवा चुकीच्या बाजूने येणारा टेम्पो यातलं काहीही असू शकतं.

आता स्वतःला विचारा की गाडीकडून हवंय काय. रोज ठाण्याहून अंधेरीला जायचं असेल, महिन्यातून एकदा माळशेज किंवा ताम्हिणी करायचा असेल, तर तुम्ही रस्त्याचे स्वार आहात आणि पैसा रस्त्याच्या सामानावर घालवलेला बरा. घाटात प्रत्येक वळणावर गाडी आणखी थोडी झुकवावीशी वाटते, मित्राच्या मागे पडलो की हात शिवशिवतात, असं होत असेल तर ट्रॅकचे पैसे आजपासून साठवायला लागा. ही ओढ घाटात जिरवता येत नाही. आणि ब्रेक मारताना अजून भीती वाटत असेल, यू-टर्न घेताना पाय टेकावा लागत असेल, तर आधी मोकळं मैदान, बाकी सगळं नंतर.

मैदानातली तयारी

परवानगी घेऊन एखाद्या सोसायटीचं किंवा कंपनीचं रिकामं आवार मिळवा. हेल्मेट, ग्लोव्ह्ज, घोट्यावर येणारे बूट आणि जॅकेट घालूनच सुरुवात करा. ३० किमीच्या वेगाने दहा वेळा पूर्ण थांबा. पुढचा लिव्हर एकदम आवळायचा नाही. आधी त्याचा मोकळा खेळ संपवायचा, पुढचे शॉकअप दबू द्यायचे आणि मग जोर वाढवायचा. यामागचं कारण साधं आहे: वजन पुढच्या चाकावर यायला क्षणभर लागतो, आणि त्याआधीच ब्रेक आवळला तर हलकं चाक लॉक होतं. दहाही वेळा गाडी सरळ थांबली की ४०, मग ५०. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे, पण अनेक गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. अशा गाडीचं मागचं चाक लॉक होऊ शकतं, म्हणून मागचा ब्रेक हलक्या पायाने. एबीएस चालू झाल्यावर लिव्हर थरथरतो. नवखा माणूस दचकून तो सोडून देतो आणि थांबायचं अंतर वाढतं. दाब तसाच धरून ठेवा.

दुसरा सराव हँडलचा. ४०च्या वर उजवीकडे वळायचं असेल तर उजव्या हँडलला पुढच्या दिशेने हलका दाब द्यायचा, गाडी उजवीकडेच झुकते. अंगात मुरलेली ही सवय अचानक आलेला खड्डा चुकवताना कामी येते.

रस्ता निवडलात तर

अंतराचा हिशोब पक्का करा. ६०च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर त्यातच संपतात. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक मारून पुढे आणखी २० मीटर लागतात. एकूण ४५, म्हणजे बेस्टच्या जवळजवळ चार लांब बस एकामागे एक. पावसात हाच आकडा ६०च्या आसपास जातो. पुढच्या गाडीपासून कोरड्यात दोन सेकंद आणि पावसात चार सेकंदांचं अंतर ठेवा. दादर-सायनच्या गर्दीत इतकं अंतर ठेवलं की मध्ये रिक्षा घुसते, हे खरं आहे. घुसू द्या आणि पुन्हा मागे व्हा.

मुंबईत गाडी घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, पुलांचे जॉइंट, मॅनहोलची झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचा जाड पांढरा रंग, पेव्हर ब्लॉक, आणि बसस्टॉपपाशी व सिग्नलवर सांडलेलं डिझेल. यांच्यावरून जाताना ब्रेक नाही, थ्रॉटल नाही, गाडी सरळ. पहिल्या पावसाचा पहिला अर्धा तास सर्वात वाईट. महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ तेव्हा वर येते. जोराचा पाऊस तासभर पडून गेल्यावर रस्ता उलट बरा असतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही, तेव्हा पुढची गाडी कुठून उसळली ते पाहा.

घाटात ट्रॅकची रेषा वापरू नका, हे आम्ही ठासून सांगतो. ट्रॅकवर बाहेरून आत आणि आतून बाहेर जातात. ताम्हिणीत उजव्या वळणावर तेच केलं तर चाकं आपल्या लेनमध्ये राहतात, पण झुकलेलं डोकं मधल्या रेषेच्या पलीकडे, समोरच्या एसटीच्या वाटेत जातं. उजव्या वळणावर लेनच्या डाव्या भागातून जा, मात्र कडेची खडी आणि शेवाळ टाळा. वळणाचा शेवट दिसेपर्यंत आत शिरू नका. डाव्या वळणावर समोरचे ट्रक आपल्या बाजूला कापून येतात, म्हणून मधल्या रेषेला चिकटायचं नाही. वेग असा ठेवा की दिसतोय तेवढ्या रस्त्यात थांबता येईल.

हेल्मेट आयएसआय खुणेचं, पूर्ण चेहरा झाकणारं असावं. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवंच. २०२२ सालापासून मुंबई वाहतूक पोलीस त्यासाठी कारवाई करतात. चेनला ९० नंबरचं ऑइल चालतं. कोरड्यात दर ५०० किमीला आणि पावसाळ्यात त्याच्या निम्म्यात.

ट्रॅक निवडलात तर

मुंबईत मोटरसायकलसाठी पूर्ण लांबीचं सर्किट नाही. सर्वात जवळचं म्हणजे तळेगाव दाभाडेजवळचं नानोली. ते छोटं आणि वळणांचं आहे, म्हणूनच शिकायला चांगलं. दुचाकींचे दिवस ठरावीक असतात, आधी चौकशी करा. देशातलं मोटरसायकल रेसिंगचं मुख्य घर म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, सुमारे ३.७ किमी आणि १२ वळणं. कोईमतूरचं कारी मोटर स्पीडवे त्याहून बरंच लहान आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०२३ साली मोटोजीपी ही मोटरसायकलची जागतिक शर्यत झाली. ते ५ किमीचं आणि फार वेगवान आहे, पहिल्या दिवसासाठी योग्य नाही.

पहिला दिवस शिकवणीचा घ्या, नुसता गाडी पळवण्याचा नको. कॅलिफोर्निया सुपरबाईक स्कूलचे वर्ग चेन्नईत होत आले आहेत. ट्रॅकच्या कडेला उभे राहून झेंडे दाखवणारे मार्शल, अँब्युलन्स आणि नवख्यांसाठी वेगळा गट, या तीन गोष्टी नसतील तिथे पैसे भरू नका.

पहिल्या वर्षी गाडी लहान असलेली उत्तम. आर१५, अपाचे आरआर ३१०, आरसी ३९० या पुरेशा आहेत. ताकद कमी असली की वळणातली चूक लपत नाही, सरळ पट्ट्यावर थ्रॉटल पिळून ती झाकता येत नाही. हजार सीसीवर ती झाकता येते, म्हणून शिकणंही लांबतं.

चेन्नईपर्यंत गाडी चालवत नेऊ नका. तेराशे किमीनंतर शरीर थकतं, आणि गाडी आडवी झाली तर परत यायची सोय राहत नाही. रेल्वे पार्सलने पाठवा. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, आणि टाकीला आणि फेअरिंगला (बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणाला) जाड पॅकिंग करून घ्यावं. दोन-चार दिवस आधी पाठवा. भाड्याने गाडी मिळत असेल तर पहिल्यांदा तीच घ्या.

स्वतःची गाडी असेल तर आठवडाभर आधी गॅरेजला द्या आणि मेकॅनिकला नेमकं सांगा. साडी गार्ड, लेग गार्ड आणि आरसे काढायचे. पडल्यावर लेग गार्ड डांबरात रुततो आणि घसरत जाणारी गाडी उलटवतो, म्हणून त्याऐवजी फ्रेम स्लायडर, म्हणजे पडल्यावर गाडी ज्यांच्यावर घसरते ते फ्रेमला लावायचे गोटे. नंबरप्लेट काढायची, साइड स्टँड बांधायचा. हेडलाइट, टेललाइट, इंडिकेटरवर टेप लावायची म्हणजे काच फुटून ट्रॅकवर पसरणार नाही. मागचा दिवा झाकला की मागचा स्वार तुमच्या ब्रेकलाइटकडे बघून ब्रेक मारत नाही, हा दुसरा फायदा. ब्रेक पॅड ३ मिमीपेक्षा जाड हवेत. ब्रेक ऑइल वर्षभर जुनं असेल तर डॉट ४ नवीन भरा. जुन्यात ओलावा शिरलेला असतो, तापल्यावर त्याची वाफ होते आणि तिसऱ्या-चौथ्या लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या फेरीला, लिव्हर हँडलपर्यंत येतो. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक गाड्यांत २५ ते ३५ मिमी. कूलंट सांडलं तर ट्रॅक निसरडा होतो, म्हणून काही ठिकाणी फक्त पाणी भरायला सांगतात. आयोजकांना विचारून घ्या.

हवेसाठी स्वतःचं गेज न्या, पंपावरची गेजं एकमेकांशी जुळत नाहीत. थंड टायरमध्ये मॅन्युअलपेक्षा २-३ पीएसआय कमी, दीडशे सीसीच्या हलक्या गाडीत १-२ पुरे. सेशन, म्हणजे ट्रॅकवरची एक पाळी, संपल्या संपल्या पिटमध्येच (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबायच्या जागेत) पुन्हा मोजा. ४-५ पीएसआयपेक्षा जास्त चढली असेल तर सुरुवातीची हवा कमी होती आणि टायर गरजेपेक्षा जास्त वाकतोय.

अंगावर एकसंध लेदर सूट, किंवा वरचा-खालचा भाग झिपने जोडलेला. पाठीला प्रोटेक्टर, मनगट झाकणारे ग्लोव्ह्ज, डबल डी-रिंगचं (पट्टा दोन कड्यांतून ओवून बांधायचं) हेल्मेट. सूट बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतो. तो अंगाला घट्टच हवा, सैल असेल तर पडल्यावर प्रोटेक्टर कोपरावरून सरकतो.

सेशन १५-२० मिनिटांचं असतं. पहिल्या दोन लॅप निम्म्या जोरात, टायर तापेपर्यंत. बऱ्याच गाड्या थंड टायरवर आणि दिवसाच्या शेवटच्या सेशनमध्ये पडतात. थकवा जाणवला तर शेवटचं सेशन सोडून द्या, पैसे गेले तरी चालतील. झेंडे पाठ हवेत. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा म्हणजे ट्रॅक निसरडा. लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू होऊन पिटमध्ये. पिटला वळताना डावा हात वर करा. वळणात मध्येच थ्रॉटल सोडला तर वजन पुढे येतं आणि गाडी रेषा सोडते. म्हणून वेग वळणाआधीच ठरवा आणि आत गेल्यावर थ्रॉटल थोडा थोडा उघडत राहा. नजर जाते तिथे गाडी जाते, तेव्हा बाहेरच्या गवताकडे बघू नका. पडलात तर गाडी सोडून द्या आणि घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उभे राहू नका. लेदरमध्ये घाम खूप जातो, दर सेशननंतर अर्धा लिटर पाणी, एकाआड एक ओआरएस.

खर्चात फक्त फी धरू नका. मायलेज निम्म्यावर येतं, पार्सल आणि राहणं वेगळं, आणि मऊ टायर दोन-तीन दिवसांत संपू शकतो. विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवरचं नुकसान स्वतःच्या खिशातून असं धरूनच जा, आणि आरोग्य विम्यातलं धोकादायक खेळांचं कलम आधी वाचा.

आमचा कल विचाराल तर रोज रस्ता आणि वर्षातून एकदा ट्रॅक. ब्रेकचा हळुवार दाब, लांबवर नजर, सैल खांदे हे सगळं ट्रॅकवरून रस्त्यावर येतं. झुकण्याचा कोन आणि वेग तिथेच ठेवून यायचा. परत आल्यावर हवा मॅन्युअलप्रमाणे भरा, पॅड तपासा, आरसे, दिवे आणि नंबरप्लेट बसवल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका. ट्रॅकवर सव्वाशे-दीडशे बघितलेल्या डोळ्यांना घोडबंदरला ८० म्हणजे चालल्यासारखं वाटतं. पहिला आठवडाभर वेगाचा अंदाज बांधू नका, स्पीडोमीटरचा आकडा वाचा.