स्क्रॅचिंगमध्ये या चुका टाळा: दोष शोधायचा तो सुईपासून

स्क्रॅचिंग म्हणजे फिरती तबकडी हाताने मागेपुढे करून तालात आवाज काढणे. ते करताना सुई उड्या मारू लागली, एका बाजूचा आवाज गेला किंवा संगीतामागे सतत घूं घूं ऐकू येऊ लागली की नवशिका वादक बहुधा दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: आपला हातच चांगला नाही, किंवा तबकड्यांचे दिवस सरले असून आता डिजिटल यंत्रणा घेतली पाहिजे. मी दोन्ही पद्धतींनी वाजवतो आणि हे दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचे ठरलेले मी पाहिले आहेत. लॅपटॉपमधल्या फायली टर्नटेबलवरून, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्रावरून, वाजवायच्या असल्या तरी त्याच्या फिरत्या थाळीवर टाइमकोडची, म्हणजे हाताची हालचाल लॅपटॉपला कळवणारी, तबकडी असते आणि तिच्या खाचेतून सुईच फिरत असते. त्यामुळे सुईकडे केलेले दुर्लक्ष व्हायनिलवर, म्हणजे गाण्यांच्या साध्या तबकडीवर, जितके भोवते, तितकेच, किंबहुना थोडे अधिकच, डिजिटलवर भोवते. दोष शोधताना म्हणूनच सुईपासून निघावे, तिथून मिक्सरकडे, म्हणजे यंत्रांचे आवाज एकत्र करणाऱ्या पेटीकडे, आणि सगळ्यांत शेवटी लॅपटॉपकडे जावे. उलट दिशेने निघालेल्याचा वेळही जातो आणि पैसाही.

खरेदीतल्या चुका

घरी गाणी ऐकण्यासाठी बनवलेले, रबरी पट्ट्यावर चालणारे टर्नटेबल स्वस्त मिळते म्हणून घेणे ही पहिली चूक. अशा यंत्रात तबकडी हाताने धरली की पट्टा ताणला जातो किंवा घसरतो, आणि हात सोडल्यावर थाळीला वेग सावरायला वेळ लागतो; तेवढ्यात ताल निसटलेला असतो. स्क्रॅचिंगला मोटर थेट थाळीखाली असलेले, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रच लागते. टेक्निक्सचे एसएल-१२०० हे १९७२ मध्ये आले आणि १९७९ च्या त्याच्या एमके२ आवृत्तीची थाळी ०.७ सेकंदात पूर्ण वेग पकडते. २०१० मध्ये या यंत्राचे उत्पादन थांबले, २०१६ पासून नव्या आवृत्त्या पुन्हा निघू लागल्या, तरी जुन्या यंत्रांना आजही मागणी आहे.

जुने यंत्र घेताना एक गोष्ट मात्र विसरू नये. जपानमधून आलेली यंत्रे १०० व्होल्टची आणि अमेरिकेतली १२० व्होल्टची असतात, आणि आपल्या घरातला पुरवठा २३० व्होल्टचा आहे. मागच्या पट्टीवरचा आकडा न वाचता प्लग लावला, तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. योग्य क्षमतेचा, व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतल्याशिवाय असे यंत्र सुरू करू नये.

थाळीवरची मूळची रबरी चटई तशीच ठेवणे हीदेखील नेहमी आढळणारी चूक आहे. रबर तबकडीला धरून ठेवते, आपल्याला तर तबकडी थांबलेली असताना थाळी खालून फिरत राहायला हवी असते. हिप-हॉपचे सुरुवातीचे डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात याच कारणासाठी फेल्टच्या कापडाला खळ देऊन ते कडक केले होते. आज अशा निसरड्या चटया, म्हणजे स्लिपमॅट, तयार मिळतात. तरीही तबकडी अडखळत असेल, तर तबकडीच्या वेष्टनातल्या गुळगुळीत प्लॅस्टिक पिशवीतून गोल चकती कापून ती स्लिपमॅटखाली घालावी. तबकडीचे मधले भोक सैल असल्यास तिथे चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावावा, म्हणजे तबकडी डुलत नाही.

सुई, वजन आणि त्या चार टाचण्या

सुई उडते म्हटले की वजन वाढवायचे, अशी सवय अनेकांना लागलेली असते. कोणी हेडशेलवर, म्हणजे सुई बसवलेल्या पुढच्या सुट्या तुकड्यावर, नाणे चिकटवतात, तर कोणी टोनआर्ममागचे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीमागचे, वजन उलटे बसवतात. त्यामुळे उडी क्वचितच थांबते, पण खाच मात्र लवकर झिजते आणि ज्या जागी वारंवार मागेपुढे केले जाते तिथे कायमची खरखर उमटते. वजन नीट लावण्याची रीत सोपी आहे. आधी अँटी-स्केटची चकती (तिचे काम पुढे सांगितले आहे) शून्यावर आणावी. सुईचे टोक थाळीच्या बाहेर मोकळे ठेवून मागचे वजन फिरवत जावे, आणि टोनआर्म तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगू लागला की थांबावे. मग वजन न हलवता फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणावी आणि शेवटी कडीसकट वजन फिरवून कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई जिच्यात बसते त्या डबीच्या, निर्मात्याने सांगितलेल्या आकड्यावर न्यावे. स्क्रॅचिंगच्या कार्ट्रिजसाठी हा आकडा बहुधा ३ ते ४ ग्रॅमच्या आसपास असतो. अँटी-स्केट हे तबकडी पुढे फिरत असताना टोनआर्मला आत खेचणाऱ्या ओढीला तोल देण्यासाठी असते. आपला हात क्षणोक्षणी दिशा बदलत असल्यामुळे ते शून्यावर ठेवणेच सोयीचे पडते.

वजन बरोबर असूनही सुई उडत असेल, तर हात पाहावा. बोटे तबकडीवर खाली दाबली जात असतील किंवा हात तबकडीच्या गोलाईने न जाता सरळ रेषेत ओढला जात असेल, तर सुईला आडवा धक्का बसतो. बोटांचे वजन फक्त तबकडी सरकेल एवढेच असावे. यंत्र डावीकडे ९० अंशांत वळवून ठेवले की टोनआर्म आपल्यापासून दूर, पलीकडच्या बाजूला जातो आणि हाताचा धक्का त्याला लागत नाही.

एका बाजूचा आवाज जाणे हा सर्वांत जास्त घाबरवणारा आणि सर्वांत सहज सुटणारा दोष आहे. माझ्या जुन्या यंत्राचा डावा आवाज अधूनमधून जायचा. आधी मी केबल बदलली, मग मिक्सर दुरुस्तीला दिला आणि तो काहीही दोष न सापडता परत आला. शेवटी हेडशेल काढून त्याच्या मागची बाजू उजेडात धरली, तेव्हा चार टाचण्यांपैकी एकीवर काळपट थर दिसला. शाळकरी खोडरबराच्या कोपऱ्याने त्या चारही टाचण्या हलक्या हाताने घासल्या, भुगा फुंकून टाकला, समोरच्या खोबणीतले चार ठिपके कोरड्या कापसाच्या काडीने पुसले आणि हेडशेल पुन्हा घट्ट बसवले. आवाज आला तो टिकला. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा थर वारंवार साचतो, त्यामुळे पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी हे काम करावे.

घरातल्या जुन्या तबकड्यांबद्दल आवर्जून सांगायला हवे. भारतात १९६० च्या दशकातही ७८ गतीच्या लाखेच्या तबकड्या निघत होत्या आणि नाट्यसंगीताच्या तशा तबकड्या अनेक घरांत अजून आहेत. त्या स्क्रॅचिंगला कधीही घेऊ नयेत. त्यांची खाच रुंद असते, आजची बारीक सुई तिच्या तळाशी घासत राहते, आणि लाख ठिसूळ असल्यामुळे हाताच्या ओढीने तबकडी तडकू शकते. ज्या आवाजाची दुसरी प्रत कदाचित कुठेच उरलेली नाही, तो अशा रीतीने घालवणे मला सहन होत नाही.

मिक्सरपाशी

घूं घूं बहुधा अर्थच्या तारेमुळे येते: टर्नटेबलमागून निघणारी ती बारीक तार मिक्सरच्या अर्थ स्क्रूला घट्ट आवळलेली आहे का ते पाहावे आणि भिंतीतल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी. आवाज क्षीण, पातळ आणि खर्जाशिवाय येत असेल, तर टर्नटेबल चुकून मिक्सरच्या फोनोऐवजी (टर्नटेबलसाठीची जागा) लाइनच्या (इतर यंत्रांसाठीची) जागी जोडलेले असते, कारण सुईतून येणारा काही मिलिव्होल्टचा संकेत फोनो विभागातच वाढवला आणि सावरला जातो. उलट आवाज फाटत असेल, तर यंत्राच्या मागचे बटण लाइनवर आणि मिक्सर फोनोवर, अशी दुहेरी वाढ होत असावी. क्रॉसफेडर (मिक्सरवरची, एका यंत्राच्या आवाजावरून दुसऱ्याच्या आवाजावर नेणारी सरकती कळ) पूर्ण बंद असूनही आवाज झिरपत असेल, तर तो उघडून साफ करावा. शक्य असल्यास संपर्काशिवाय चालणारा चुंबकीय क्रॉसफेडर बसवावा.

हाताचा रियाज

स्क्रॅचिंगचा शोध ब्राँक्समधल्याच ग्रँड विझर्ड थिओडोर यांच्या नावावर आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यात, शाळकरी वयात, आई रागावल्यामुळे त्यांनी फिरती तबकडी हाताने धरली आणि ती मागेपुढे होताना येणारा आवाज त्यांच्या कानात राहिला, असे ते सांगतात. त्या साध्या मागेपुढे करण्यालाच बेबी स्क्रॅच म्हणतात आणि नवशिके नेमके तेच टाळून क्रॅबकडे, म्हणजे चार बोटांनी क्रॉसफेडरची झरझर उघडझाप करण्याकडे, धावतात. तबला शिकणारा जसा एकच बोल आधी ठाय लयीत, मग दुगुनीत आणि मग चौगुनीत घोटतो, तसा बेबी स्क्रॅच ताल लावून घोटावा. तालाशिवाय केलेला सराव हात चालवतो, पण लय देत नाही. त्यानंतर चर्प घ्यावा: तबकडी पुढे ढकलताना क्रॉसफेडर बंद करायचा आणि मागे आणताना उघडायचा. यात दोन्ही हात एकाच क्षणी वळले नाहीत, तर चिमणीसारख्या टोकदार आवाजाऐवजी घसरलेला आवाज येतो. क्रॉसफेडरचा कर्व्ह तीक्ष्ण, म्हणजे जरा सरकवताच पूर्ण आवाज येईल असा, ठेवला नसेल, तर कितीही रियाज केला तरी तो टोकदारपणा येणार नाही.

डिजिटलकडे वळताना

टाइमकोडच्या तबकडीवर संगीत नसून एक सूर असतो. सेराटो या डीजे सॉफ्टवेअरच्या तबकडीत तो १ किलोहर्ट्झचा आहे. त्या सुराच्या कमीजास्त होण्यावरून सॉफ्टवेअरला गती कळते आणि डाव्या-उजव्या बाजूंमधल्या फरकावरून दिशा कळते. यामुळेच हेडशेलमधल्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल झाली की गाणे उलटे वाजते. व्हायनिलवर एक बाजू गेली तर निदान दुसऱ्या बाजूने गाणे चालू राहते. इथे एक बाजू गेली की दिशाच हरवते आणि गाणे थरथरत तुटते.

हात आणि आवाज यांत अंतर जाणवत असेल, तर बफर, म्हणजे वाजवण्याआधी लॅपटॉप आवाजाचा जेवढा तुकडा साठवतो तो, पाहावा. ४४.१ किलोहर्ट्झवर १०२४ नमुन्यांचा बफर सुमारे २३ मिलिसेकंद खातो, तर २५६ चा सुमारे ६ मिलिसेकंद. तो आवाज फुटेपर्यंत कमी करत न्यावा आणि तिथून एक पायरी वर आणून ठेवावा. वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारे कीलॉक स्क्रॅचिंगच्या वेळी बंद असावे. ज्यांनी मोटर नसलेल्या कंट्रोलरच्या (सॉफ्टवेअर चालवणाऱ्या डीजे-पेटीच्या) जॉग व्हीलवर, म्हणजे हाताने फिरवायच्या चाकावर, सराव केला आहे, त्यांनी टर्नटेबलवर आल्यावर काही आठवडे फक्त तबकडी सोडण्याचा सराव करावा, कारण जॉग व्हीलखाली फिरती थाळी नसते आणि सोडलेल्या तबकडीला सुटल्या क्षणी वेग मिळण्याची सवय त्या हाताला नसते.

सेराटोच्या स्कोपमध्ये, म्हणजे टाइमकोडचा संकेत दाखवणाऱ्या चौकटीत, दिसणारे वर्तुळ गोल आणि स्पष्ट असावे. ते चपटे, तिरके किंवा केसाळ दिसू लागले की तबकडीची दुसरी बाजू लावून पाहावी, कारण टाइमकोडची तबकडीही झिजते. नव्या बाजूवर वर्तुळ गोल आले, तर ती झिजलेली बाजू बदलावी. तरीही न आले, तर लॅपटॉपला हात न लावता सुईवरची धूळ ब्रशने मागून पुढे साफ करावी आणि हेडशेल काढून त्या चार टाचण्या पुन्हा उजेडात धराव्यात.