ताणलेल्या धाग्यांचं शिल्प : दोरे सैल पडू नयेत म्हणून या चुका टाळा

शेवटचा दोरा बांधून झाला की हमखास एक गोष्ट दिसते. शेवटी ओवलेले दोरे तारेसारखे ताठ आणि अगदी सुरुवातीचे मात्र बोट लावताच लोंबणारे. मग आपण गाठीला दोष देतो, दोऱ्याला नावं ठेवतो. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा सांगाड्याचा, म्हणजे ज्या दोन पट्ट्यांमध्ये आपण दोरे ताणतो त्यांचा असतो.

हिशोब करून बघा. एका दोऱ्यावर 250 ग्रॅम वजन टांगल्याइतका ताण धरला, तर 80 दोरे मिळून दोन पट्ट्यांना 20 किलोच्या जोराने एकमेकींकडे ओढतात. पातळ लाकडी पट्टी या ओढीने आत वाकणारच. ती केसभर जरी वाकली, तरी आधीच्या दोऱ्यांचा ताण निघून जातो. म्हणून पट्टी जाड घ्या आणि कोपऱ्यांना तिरका आधार द्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओवत जाऊ नका. आधी मधला दोरा, मग दोन्ही टोकांचे आणि त्यानंतर मधल्या जागा भरा. पहिल्या फेरीत ताण हलकाच ठेवा, गाठी कच्च्या बांधा. खरा ताण दुसऱ्या फेरीत द्या.

ताण सारखा आहे का, हे डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं. नखाने दोरा छेडा, मग शेजारचा छेडा. लांबी जवळपास सारखी असेल तर सूरही जवळपास सारखा यायला हवा. सूर उतरला की तो दोरा सैल समजा. दूरच्या दोऱ्यांशी तुलना करू नका, कारण लांब दोऱ्याचा सूर मुळातच खालचा असतो.

दुसरी चूक आखणीतली. दोन्ही पट्ट्या एकाच प्रतलात ठेवल्या तर कितीही दोरे ओवा, जाळी सपाटच राहते. एक पट्टी तिरकी करा, दोन्हींवर समान अंतरावर भोकं पाडा आणि 1 ला 1, 2 ला 2 अशी जोडत जा. प्रत्येक दोरा सरळच असतो, पण सगळे मिळून घोड्याच्या खोगिरासारखा वळलेला पृष्ठभाग उभा राहतो. हे पहिल्यांदा स्वतःच्या हातून घडतं तेव्हा फार आनंद होतो! इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांनी लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये दोऱ्यांची गणिती प्रारूपं पाहिली आणि 1937 पासून स्वतःच्या शिल्पांत दोरे ताणायला सुरुवात केली. भोकांचं अंतर मात्र मोजूनच आखा. एक भोक दोन मिलिमीटर सरकलं तरी त्या वळणात खोच दिसते, आणि ती नंतर झाकता येत नाही.

दोऱ्याची निवड : नायलॉन चमकदार आणि पारदर्शक असतो, शिल्पकार नॉम गाबो यांनी तो अ‍ॅक्रिलिकसोबत (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकसोबत) सुंदर वापरला आहे. पण तो हवेतला ओलावा शोषतो आणि दमट दिवसांत सैलावतो. पॉलिएस्टर त्या मानाने स्थिर. सुती दोऱ्याला कातरल्यावर तंतू सुटतात.

नायलॉनवर साधी गाठ सरकते. पहिल्या अढीत दोनदा वेढा घ्या, मग वरची गाठ मारा. सांगाडा अ‍ॅक्रिलिकचा असेल तर गाठीवर झटपट चिकटणारा गोंद टाकू नका, त्याच्या वाफेने पांढरा धुरकट डाग पडतो. धातूच्या पट्टीतल्या भोकांच्या कडा घासून गोल करा, नाहीतर ताणलेला दोरा तिथेच कापला जातो.

सगळं शिल्प एकाच अखंड दोऱ्यात ओवायचा मोह होतो. तो एके ठिकाणी तुटला तर सगळं उसवतं. दर दहा-बारा दोऱ्यांनंतर गाठ मारून नवा तुकडा घ्या. गाठींची शेपटं लगेच कापू नका. बोटभर ठेवा आणि शिल्प दोन-तीन दिवस तसंच उभं राहू द्या. नंतर पुन्हा एकेक दोरा छेडून पाहा, सैल असेल तो ओढून घ्या, आणि मगच कात्री हातात घ्या.