दोन तपासण्यांच्या मधले दिवस

आधी गर्भपात झालेला असेल, तर पुढच्या गरोदरपणात सगळ्यात जड जातात ते दोन तपासण्यांच्या मधले दिवस. दवाखान्यातून निघताना हायसं वाटतं आणि चार दिवसांत धाकधूक परत सुरू होते. ‘असले विचारच आणू नकोस’ म्हटल्याने ती थांबत नाही, फक्त बोलून दाखवायची सोय जाते.

एक वही ठेवा. रोज संध्याकाळी १५ मिनिटं काळज्या लिहायच्या. झोपायच्या तोंडावर मात्र नको. प्रत्येकीपुढे खूण करा: ‘आत्ता’, ‘पुढच्या भेटीत’ किंवा ‘उत्तर नाही’. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, ताप, बाळाची हालचाल कमी होणं हे सगळं ‘आत्ता’मध्ये. तेव्हा रात्र असली तरी निघायचं. ‘पुन्हा तसंच झालं तर?’ हे तिसऱ्या खुणेत. त्याखाली खरी असलेली गोष्ट लिहा: एका गर्भपातानंतर बहुतेक बायकांचं पुढचं गरोदरपण सुखरूप पार पडतं. शेवटच्या तपासणीत काय ठीक होतं, तेही तारखेसह लिहा. आशा धरायची ती पुढच्या तारखेपर्यंतच; नऊ महिन्यांची एकदम धरायला गेलं की दमछाक होते.

हालचालीचं गणित नीट समजून घ्या. पहिलटकरणीला ती साधारण २० आठवड्यांच्या आसपास कळते. वार (प्लासेंटा) पुढच्या बाजूला असेल तर उशिरा आणि मंद. २८ आठवड्यांनंतर बाळ एरवी चुळबुळ करतं ती वेळ निवडा, बहुतेकींना जेवणानंतरची सोयीची पडते. डाव्या कुशीवर झोपून मोजा. २ तासांत १० हालचाली भरल्या की वही बंद. दिवसभर मोजत बसलात तर बाळाच्या झोपेची वेळही संकट वाटू लागते. १० भरल्या नाहीत, किंवा भरूनही नेहमीपेक्षा कमी वाटल्या, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. ठोके ऐकायचं यंत्र घरी आणूच नका. त्यात आईचीच नाडी ऐकू येऊन खोटा दिलासा मिळू शकतो.

रात्री छाती धडधडली तर ४ आकडे मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, ५ मिनिटं. श्वास रोखायचा नाही. धडधड वारंवार होत असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. पांडुरोगातही (रक्त कमी असतानाही) असंच होतं आणि सगळ्यांना ते ‘टेन्शन’च वाटतं. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, आशाताईंना विचारा.

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन रमत नाही, असं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मनाच्या आजाराच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका, त्रास उलटून येतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला तर एकटं राहू नका. घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात जा.