डायरीची दुबार पेरणी थांबवायची कशी

पेरणीच्या आधी आमच्या घरी सोयाबीनचे 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीनं मांडतात, गुंडाळून सावलीत ठेवतात, पाणी शिंपडत राहतात अन सहा-सात दिवसांनी उघडून कोंब मोजतात. 70 निघाले की बियाणं पेरण्यालायक, एकरी 30 किलो घ्या अन पेरा. हे मी लहानपणापासून पाहत आली, पण स्वतःच्या डायरीकडून मात्र 100 पैकी 100च मागत होती. सकाळी बारा कामं लिहायची, रात्री त्यातली पाच राहिली की अख्खा दिवस वाया गेला असं वाटायचं, अन दोन दिवस खाडा पडला की पान फाडून सोमवारपासून पुन्हा नवीन. घर, चार एकर वावर, बचत गटाचं दप्तर, कामं तर होतच होती पण जिवाला समाधान नव्हतं. आता दीड वर्षापासून वेगळ्या पद्धतीनं करून राहिली, तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगते.

पहिले आपली उगवण तपासा. सात दिवस नेहमीसारखीच यादी लिहा, काही सुधारायला जाऊ नका, फक्त झोपताना मोजा की ठरवली किती अन झाली किती. माझा आकडा बारापैकी सात निघाला. बियाण्याची उगवण कमी आली तर आपण बियाणं वाढवतो, इथं उलटं करायचं, दिवसाचे तास काही वाढत नाहीत म्हणून यादीच सातची करायची. कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमीच धरतो हे डॅनियल कानमन अन एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं होतं, अन त्यावर उपाय त्यांनी हाच सांगितला की आधी अशाच कामांना खरंच किती वेळ लागला ते पाहून अंदाज करा. म्हणून तो रात्रीचा आकडा खरा धरा, मनातला नाही.

मग घड्याळ सोडा अन वाफसा धरा, म्हणजे पावसानंतर जमीन कामाजोगी सुकते ती वेळ. "सकाळी 7 ते 10 डवरणी", म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढणं, असं लिहिलं अन रात्री पाऊस आला तर सकाळीच सगळा प्लॅन मोडला नं. पेरणीलाही तारीख कुठे असते, 75 ते 100 मिमी पाऊस होऊ द्या मगच पेरा असं कृषी विभाग दरवर्षी सांगते. तसंच लिहायचं, वाफसा आला की डवरणी, नाही आला तर घरी गटाचा हिशेब, मोटारपंपाची थ्री फेज लाइट आली की ओलित म्हणजे पिकाला पाणी, निंदणाच्या बाया आल्या की आधी खालचं वावर. आपल्या हातात जे नाहीच त्याची वेळ ठरवून बसलं की उगाच आपणच चुकलो असं वाटत राहते.

काम पुरं झालं असं कधी म्हणायचं तेही सुरू करायच्या आधीच एका ओळीत लिहून ठेवा. गटाच्या बैठकीचं इतिवृत्त मी तीन-तीनदा फेअर करायची, आता तारीख, हजेरी, जमा, कर्जवाटप, ठराव अन सह्या एवढं आलं की रजिस्टर बंद, अक्षर कसं का असेना. पण जमेचा आकडा रुपयाला रुपया जुळलाच पाहिजे, तिथं चालून जाईल म्हणू नका. फवारणीचं प्रमाण, तोंडावरचा मास्क, हातमोजे, लेकराच्या औषधाचा डोस, हेही त्यातच. 2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते विसरता येत नाही. कुठं काटेकोर राहायचं ती दोन-चार कामं वेगळी लिहा, म्हणजे बाकीच्यांत हात सैल सोडता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यानं माझा खरा फरक पडला. पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, कुठं कुठं बी उगवलं नाही तर आपण काय करतो, आठ-दहा दिवसांच्या आत नांग्या भरतो, तेवढ्या जागी टोबून देतो. अख्खं वावर मोडून दुबार पेरणी कोणी करत नाही, कारण दुबार पेरणी म्हणजे काय ते आपल्या भागात कोणाला सांगावं लागत नाही, बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा, मजुरी दुसऱ्यांदा, अन हंगाम पंधरा दिवस मागं. डायरीचं पान फाडणं म्हणजे हीच दुबार पेरणी आहे. आठवडाभर काही लिहिलं नाही? ती पानं कोरी राहू द्या, फाडू नका, मागचं भरत बसू नका, आजच्या तारखेपासून लिहा. राहिलेल्या कामांतून फक्त दोन उचला जी आता नाही केली तर नुकसान होईल, जसं ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून करायची सरकारी पीकनोंद, किंवा गटाचा हप्ता, अन बाकीच्यांवर सरळ रेघ मारा. पहिल्यांदा रेघ मारताना हात थांबतो, माझाही थांबला होता, पण महिन्याभरानं पाहिलं तर रेघ मारलेल्यांतली बरीचशी कामं कोणाला आठवतही नव्हती.

पोळा, महालक्ष्म्या अन कापूस वेचणीच्या दिवसांत यादी तीनचीच ठेवा.

घरचे म्हणतील की राहिलं नं हे. म्हणू द्या, अन कधी करणार ते सांगून द्या, बस.

माझं उद्याचं पान असं आहे. वाफसा आला तर वरच्या वावरात डवरणी. मोठीच्या शाळेची फी. गटाची जमा जुळवणं, ही पूर्ण. आईला फोन. खाली तीन ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत, दिवसातून काही ना काही निघतेच.